अनियमित ठोक्यांचा ईसीजी हाती आला तर

आधी कागदाचा वेग बघ. २५ मिमी प्रतिसेकंद असेल तर लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठा ०.२० चा. ‘३०० भागिले मोठे चौकोन’ हे सूत्र ठोके नियमित असतील तरच वापर. नाहीतर १० सेकंदांच्या रिदम स्ट्रिपमधले (कागदावरच्या सलग लांब पट्टीतले) क्यूआरएस, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या टोकदार लहरी, मोज आणि ६ ने गुण.

मग पी लहर, म्हणजे क्यूआरएसच्या आधीची छोटी लहर, शोध, ईसीजीच्या लीड २ आणि व्ही१ या नोंदींमध्ये. पी कुठेच नाही आणि आर-आर अंतराला (लागोपाठच्या दोन ठोक्यांमधल्या) काही ताळतंत्र नाही, तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर. मशीनने छापलेल्या निदानावर विसंबू नकोस. थरथरणाऱ्या हातामुळेही बेसलाइन अशीच दिसते, पण तिथे आर-आर बहुधा सारखं असतं. ठोके स्टेथोस्कोपने पूर्ण मिनिटभर मोज. दुबळे ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत.

अशा फिब्रिलेशनमागे आपल्याकडे ऱ्हुमॅटिक मायट्रल स्टेनोसिस (ऱ्हुमॅटिक तापानंतर हृदयाची मायट्रल झडप अरुंद होणं) अजूनही भेटतो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, स्टेथोस्कोपची बेल (वाटीसारखी बाजू) हलकेच टेकवून डायस्टोलिक मर्मर, म्हणजे हृदय सैल पडतानाची घरघर, मुद्दाम ऐक. स्टेनोसिस मध्यम किंवा तीव्र असेल तर रक्ताच्या गुठळ्या रोखायला वॉरफरिनच, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) २ ते ३.

आणि हे पाठच कर: अनियमित ठोके, रुंद आणि आकार बदलणारे क्यूआरएस, वेग मिनिटाला २०० च्या वर, म्हणजे डब्ल्यूपीडब्ल्यूची (वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट, हृदयात विजेची जन्मजात जादा वाट) शंका. व्हेरापामिल, अडेनोसिन, डिगॉक्सिन अजिबात नको. या औषधांनी एव्ही नोड, म्हणजे आवेगांची नेहमीची वाट, अडला की आवेग जादा वाटेने धावतात आणि व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (खालच्या कप्प्यांची जीवघेणी थरथर) होऊ शकतं. रक्तदाब कोसळला असेल तर सिंक्रोनाइज्ड (क्यूआरएसशी वेळ जुळवून दिलेला) विजेचा शॉक. वरिष्ठांना तेव्हाच बोलाव, औषध भरून झाल्यावर नाही.