आई-वडिलांसोबत नीमराणा किल्ल्यात एक रात्र: कोणती खोली घ्यावी?

दिल्लीहून जयपूरला जाताना नीमराणा किल्ल्यात मुक्काम करायचा आहे, सोबत सत्तरीचे आई-वडील आहेत आणि वडिलांचे गुडघे दुखतात, जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल. पण खोली फोटो बघून घेऊ नका, पायऱ्या विचारून घ्या.

हा किल्ला 1464 सालचा, चौहानांचा. पडझड झालेल्या वास्तूची डागडुजी करून 1991 मध्ये तिथे हॉटेल सुरू झालं. अरवलीच्या उतारावर तो एकावर एक टप्प्यांनी चढत गेलाय, त्यामुळे दोन खोल्या सारख्या नाहीत. प्रत्येकीला स्वतंत्र नाव आहे. वरच्या खोल्यांतून दरीचा नजारा सुरेख, पण तिथे जायला अरुंद जिने आणि उंच, असमान पायऱ्या. काही ठिकाणी तर खोलीतून न्हाणीघरात जातानाच चार-पाच पायऱ्या उतराव्या लागतात. रात्री अर्धवट झोपेत उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी हे सगळ्यात धोक्याचं.

म्हणून बुकिंगच्या साइटवर पैसे भरण्याआधी थेट हॉटेलला फोन करा. गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या? खोलीच्या आत किती? जेवणाची जागा त्याच टप्प्यावर आहे का? चढावर गाडी कुठवर येते? उत्तरं मिळाली की खोलीचं नाव लिहून ईमेलवर पक्कं करून घ्या. नुसता खोलीचा प्रकार बुक केलात, तर आयत्या वेळी भलत्याच टोकाची खोली हाती येऊ शकते.

शनिवार-रविवारी दिल्ली-गुरुग्रामची गर्दी उसळते, शिवाय तिकीट काढून दिवसभर किल्ला बघणारेही असतात. सोमवार ते गुरुवारमधली रात्र धरा. दिल्ली विमानतळावरून साधारण 110 किलोमीटर, मानेसरला गाड्या तुंबल्या नाहीत तर अडीच तास. उजेडात पोहोचा, कारण अंधारात त्या दगडी चढावर पाय ठेवताना ज्येष्ठांना भीती वाटते.

डिसेंबर-जानेवारीत गेलात तर हीटर आधीच मागून ठेवा. जाड दगडी भिंती एकदा गार झाल्या की लवकर तापत नाहीत. त्याच भिंतींमुळे खोलीत मोबाइलची रेंजही कधी कधी जाते. वडिलांची काठी आणि एक छोटी बॅटरी विसरू नका.

सकाळी आई-वडिलांना गच्चीवर चहा घेत बसू द्या आणि तुम्ही जवळची जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बघून या. तिथल्या पायऱ्यांना कठडा नाही, त्यामुळे वडिलांना तिथे नेऊ नका.