रविवार सोड, सकाळचा पाव तास धर

अगं, तू लिहिलंयस ते थोडक्यात असं की कॉलेजात असताना ग्रुपबरोबर कर्नाळ्याला पक्षी बघायला जायचीस, आता डोंबिवलीहून सीएसएमटीला नोकरी, दोन मुलं, घरी सासूबाई, दुर्बीण माळ्यावर, आणि गेलं वर्षभर ‘या रविवारी नक्की’ चाललंय पण रविवार येतो तो दळण, इस्त्री आणि कुणाचं तरी बारसं घेऊनच. आणि मग विचारलंयस की रोजच्या धबडग्यात स्वतःच्या आनंदासाठी लोक वेळ काढतात तरी कसा.

मी पण ट्रेनवाली. आख्खी नोकरी लोकलमध्ये उभं राहून काढली आणि पक्षी बघणं सुटलं नाही, म्हणून लिहितेय. जरा लांबेल.

पहिलं म्हणजे रविवार डोक्यातून काढून टाक. कर्नाळा डोंबिवलीहून म्हणजे आधी दिव्याला जा, तिथून पनवेल, पुढे एसटी नाहीतर रिक्षा, आणि पक्षी बघायचे तर पोचायचं उजाडताना, म्हणजे निघायचं अंधारात. हे सगळं जमवायला घरातल्या चार माणसांचं वेळापत्रक हलवावं लागतं, मग एकाला जरी ताप आला की बोंबललं. वर्षातून दोनदा जमलं तर जा की, मजा येते, पण त्याच्यावर आनंद टांगून ठेवू नकोस.

दुसरं, कुणीतरी तुला साडेचारला उठायला सांगितलंय. अजिबात ऐकू नकोस. रात्री अकराला भांडी आवरून झोपणाऱ्या बाईने साडेचारला उठायचं आणि त्याला छंद म्हणायचं? झोप मोडून केलेली गोष्ट आठवडाभर टिकते, नंतर चिडचिड होते आणि मग आपणच म्हणतो की बघ, मला कशाची आवडच उरली नाही. वेळ झोपेतून नाही कामातून काढायचा, म्हणजे एक काम खरोखर दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालायचं. डबे भरणं, बाटल्या भरणं, धाकट्याचे बूट शोधणं, जे काय असेल ते एक. नवऱ्याला दे. तो पहिले काही दिवस झाकण कुठलं आणि डबा कुठला करत बसेल, भाजी सांडेल, तू मध्ये पडू नकोस.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या सासूबाई पूजेला बसल्या की घरात कुणी त्यांना हाक मारतं का? नाही ना. दूधवाला आला तरी ‘आजी पूजेला बसल्यात’ म्हणून आपणच दार उघडतो. कारण त्या गोष्टीची जागा ठरलेली आहे, वेळ ठरलेली आहे आणि ती काय आहे हे घरातल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे. आपण मात्र आपली आवड चोरून करतो, कुकर लागलाय तोवर दोन मिनिटं, फोन करता करता दोन मिनिटं, आणि कुणी हाक मारली की लगेच ‘आले आले’. म्हणून तुझा पाव तास पण घरात असाच जाहीर करून टाक. बाल्कनी किंवा किचनची खिडकी, जी पूर्वेला असेल ती, चहाचा कप, पावणेसात ते सात, आई पक्षी बघतेय. नाव गाव सगळं द्यायचं त्याला. डिसेंबर-जानेवारीत सूर्यच सातनंतर उगवतो, तेव्हा वेळ थोडी पुढे सरकव नाहीतर नुसतं ऐक.

पाव तासात काय दिसणार असं वाटेल तुला. फेब्रुवारीत चार दिवस ती जगभरची पक्षीगणना असते ना, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, २०१३ पासून आपल्याकडचे लोकही करतात, त्यात एका जागी किमान १५ मिनिटं पक्षी मोजा एवढीच अट असते, आणि घराच्या खिडकीतून मोजलेले पण चालतात.

आणि बिल्डिंगमध्ये सुद्धा खूप काय काय चालू असतं गं, फक्त रोज त्याच जागी बसलं तरच ते कळतं. मार्चपासून दयाळ, तो काळा-पांढरा गाणारा पक्षी, अँटेनावर बसून उजाडायच्या आधीच शीळ सुरू करतो. तांबट दिसत नाही पण टुक टुक टुक ऐकू येतं, मग एक दिवस दिसतो तेव्हा कपाळावरचा लाल टिळा बघून खुळ्यासारखं हसायला येतं. एप्रिल-मे मध्ये कावळ्यांची घरटी असतात, तेव्हा कोकीळ नर मुद्दाम समोर येऊन कावळ्यांना पाठी लावतो आणि तेवढ्यात ठिपक्याठिपक्यांची मादी घरट्यात अंडं घालून मोकळी, हे नाटक मी समोरच्या पिवळ्या बिल्डिंगच्या बदामावर बघितलंय, कुठल्या अभयारण्यात जायला लागलं नाही. शिंजीर म्हणजे तो फुलातला मध पिणारा चिमुकला पक्षी, त्याची मादी कोळ्याची जाळी न् पालापाचोळा आणून कपडे वाळत घालायच्या दोरीला लोंबतं घरटं करते, तसं झालं तर महिनाभर कपडे दुसरीकडे वाळव आणि मोबाईल घेऊन नाकाशी जाऊ नकोस. पाऊस उतरला की सप्टेंबरच्या सुमाराला करडा धोबी येतो, हिमालयाकडून आलेला एवढासा पक्षी आपल्या गच्चीवरच्या साठलेल्या पाण्यात शेपूट खालीवर करत फिरतो. मी दूधवाल्याच्या खाड्यांशेजारीच कॅलेंडरवर लिहून ठेवते, ‘धोबी आला’. एवढीच माझी नोंदवही.

पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचं घे. १९३० च्या सुमाराला त्यांना नोकरी नव्हती, अलिबागजवळ किहीमला घरच्यांच्या बंगल्यात राहत होते, आणि तिथे आवारातल्या झाडावरच्या सुगरणींच्या घरट्यांसमोर रोज बसून त्यांनी जे बघितलं ते फार गाजलं, की नर एकामागून एक घरटी बांधतो आणि माद्या येऊन पसंत पडेल ते घेतात. आपल्याला काही शोध लावायचा नाहीये, पण एकाच झाडासमोर रोज बसण्यात काय गंमत आहे ते यातून कळावं. त्यांचा वाढदिवस १२ नोव्हेंबर आणि जंगल-पक्ष्यांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर, म्हणून आपल्याकडे ५ ते १२ पक्षी सप्ताह असतो. सुरुवात करायला मुहूर्तच हवा असेल तर तो घे. नाहीतर उद्या.

मोबाईलबद्दल. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, ते ठेव, चांगलं आहे, पण पाव तास झाल्यावर बघ. कारण फोन हातात आला की ऑफिसचा ग्रुप उघडतो, हे मी तुला सांगायला नको. आणि फोटो, लिस्ट, ‘माझे दोनशे झाले तुझे किती’ ह्या भानगडीत पहिल्या वर्षी तरी पडू नकोस. तिथे पुन्हा टार्गेट सुरू होतं, ऑफिसात एक आहे तेवढं पुरे.

मुलं येऊन बसतील. बसू दे, अट एकच की बोलायचं नाही. धाकटा दोन दिवसात कंटाळून जाईल, मोठी कदाचित टिकेल. सासूबाईंना भारद्वाज दिसला की सांग, त्यांना तो शुभ वाटत असेल तर त्या स्वतःच तुला हाक मारून दाखवायला लागतील, माझ्या सासूबाईंचं तेच झालं होतं. पाणी ठेवणार असशील तर पसरट मातीचं भांडं, आणि रोज बदल, डास होतात. दाणे मात्र ठेवू नकोस, कबुतरं येतील आणि मग सोसायटीच्या मीटिंगला तुझंच नाव.

येता-जाता मुंब्रा-कळव्याच्या बाजूला खाडी आणि खारफुटी दिसते तिथे बगळे, पाणकावळे, घारी असतात, विंडो मिळाली तर मान वर कर. विंडो मिळणार नाही ते माहितीये मला. तरी सांगितलं.

शेवटचं, दुर्बीण. नवी घ्यावी का विचारलंयस. आधी माळ्यावरची काढ आणि उजेडाकडे उलटी धरून भिंगात बघ, इतके पावसाळे तिथे पडून होती तर आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे असतील. थोडी असेल तर कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडून साफ होते, स्वतः स्क्रू उघडू नकोस, दोन्ही नळ्यांचं अलाइनमेंट गेलं की डोकं दुखतं. फारच खराब असेल तर ८×४२ घे, म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं, त्यामुळे सकाळच्या कमी उजेडातही चालते. दुकानदार १०×५० गळ्यात मारायला बघेल, ती जड होते आणि हात हलला की चित्र हलतं. आणि ह्यावेळी माळ्यावर नाही, किचनमध्येच हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव, चहाच्या डब्याशेजारी.