हापूस न कापता आतला साका कळतो का?

डोळ्याला, नाकाला, बोटाला कळत नाही, एक्स-रेला कळतो. तुम्ही विचारलंय की वरून पिवळाधमक आंबा, कापला तर आत पांढुरका फुसफुशीत गर, म्हणजेच साका, मग एवढ्या महाग पेट्या आधी मशीनने तपासत का नाहीत आणि ते रंग बदलणारे स्टिकर कामाचे आहेत का.

बघा, पॅकहाऊसमध्ये फळावर इन्फ्रारेड प्रकाश मारून गोडी मोजणारी मशीन असतात, पण तो प्रकाश सालीखाली थोडाच आत जातो आणि साका असतो कोयीला चिकटून, म्हणजे गोडी बरोबर सांगणारं मशीनसुद्धा साक्याला फसू शकतं. एक्स-रे मात्र आरपार जातो, साक्यात हवेच्या पोकळ्या असतात म्हणून तेवढा भाग फोटोत काळपट दिसतो. अडचण पैशाची आहे हो, एकेक फळ एक्स-रेखालून काढायचं मशीन छोट्या बागायतदाराने घ्यायचं कुठून? पाण्याच्या टबात टाकून बघतात ते वेगळं, तरंगला तो कोवळा, बुडाला तो तयार, त्यात साक्याची गॅरंटी नाही.

म्हणून खरा इलाज बागेतच. आंबा झाडावर पूर्ण पिकू द्यायचा नाही, चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण) तयार झाला की देठासकट झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवायचा, तोही सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, आणि लगेच सावलीत न्यायचा. उन्हाने तापलेल्या जमिनीवर ढीग घालून ठेवला की साका वाढलाच म्हणून समजा, आणि हे माहीत असूनही घाईत ढीग घालणारे आहेतच.

स्टिकरचं म्हणाल तर ते पेटीचा प्रवास सांगतात, फळाचं पोट नाही. एक प्रकार वाटेत पेटी किती वेळ किती तापली त्यानुसार रंग बदलतो, त्यावरून गाडीतलं कूलिंग बंद होतं का ते पकडता येतं. दुसरं म्हणजे पेटीत ठेवायच्या पोटॅशियम परमँगनेटच्या पुड्या, त्या स्टिकर नव्हेत, फळातून सुटणारा इथिलीन वायू शोषतात, जांभळ्याच्या तपकिरी झाल्या की समजायचं संपल्या. लांबच्या मालाला चांगल्या, पण आठवड्यात खायची घरची पेटी असेल तर त्यावर जास्त पैसे घालवू नका, त्यापेक्षा पेटी कुठल्या बागेतली आणि कधी उतरवलेली ते विचारा.

आणि साक्याची कटकटच नको असेल तर रत्ना घ्या, नीलम-हापूसचा संकर, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये आणलेला, त्यात साका होत नाही. फक्त घरात कोणी हापूसच पाहिजे म्हणणारं असेल तर कापून, फोडी करून द्या.