कैद्यांनी शिकवलेला कुत्रा घरी आणावा का?

हो, आणा. तुमची मुलगी सहा वर्षांची आहे आणि आवडलेला कुत्रा शेल्टरमधून (बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून) तुरुंगात जाऊन कैद्यांच्या हाताखाली शिकलाय, म्हणून घरचे बिचकलेत, असं तुम्ही लिहिलंय. आमची कुत्रीही अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका तुरुंगात शिकून आली, म्हणून मनापासून सांगते.

हा प्रकार नवा नाही. 1981 साली त्याच राज्यातल्या गिग हार्बरच्या महिला तुरुंगात सिस्टर पॉलीन या ननने पशुवैद्यक लिओ बस्टॅड यांच्या साथीने तो सुरू केला. 2014 पासून कॅलिफोर्नियात लँकेस्टरच्या कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात जन्मठेपेचे कैदीसुद्धा शेल्टरमधल्या कुत्र्यांना शिकवू लागले. मुलांवर किंवा प्राण्यांवर अत्याचार केलेल्यांना बहुतेक ठिकाणी या कामाला घेत नाहीत. घरच्यांना हे आधी सांगा.

शेल्टरमध्ये पिंजरा, सततचं भुंकणं आणि स्वयंसेवकाची थोडी मिनिटं एवढंच कुत्र्याच्या वाट्याला येतं. तुरुंगात शिकवणारा माणूस त्याच्यासोबत राहतो, बहुधा एकाच कोठडीत झोपतो. घाबरलेल्या जनावराला हवा असतो तो वेळ, आणि तो या माणसांकडे आहे. आमच्या कुत्रीबरोबर हाताने लिहिलेले कागद आले होते. त्यात होतं: झाडू उचलला की ती पलंगाखाली जाते. हाका मारू नका. झाडू बाजूला ठेवा आणि जमिनीवर बसून राहा, ती आपणहून येईल. लिहिणारी बाई कशासाठी आत आहे मला माहीत नाही, पण आमच्या कुत्रीला तिच्याइतकं बारकाईने त्याआधी कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

आता मुलीबद्दल. तुरुंगात सहसा लहान मुलं नसतात, मिक्सर नसतो, दारावरची बेल नसते. न्यूयॉर्कची 'पपीज बिहाइंड बार्स' ही संस्था याचसाठी आपली पिल्लं शनिवार-रविवारी स्वयंसेवकांच्या घरी पाठवते. तुमचा कुत्रा असा कधी बाहेर राहिलाय का, हे नक्की विचारा. आमच्याकडे कुकरच्या पहिल्या शिट्टीलाच कुत्री बाथरूममध्ये जाऊन बसली. मग रोज कुकर लावायच्या वेळी लांबच्या खोलीत तिला चिकनचे तुकडे द्यायचो, हळूहळू स्वयंपाकघराच्या जवळ आणलं.

'केनाइन गुड सिटिझन'चं, म्हणजे अमेरिकन केनेल क्लबच्या चांगल्या वागणुकीच्या परीक्षेचं, प्रमाणपत्र असेल तर उत्तमच. त्यात दहा चाचण्या असतात. एकीत मालक नजरेआड गेल्यावर कुत्र्याला परक्या माणसाजवळ तीन मिनिटं शांत राहावं लागतं. पण ते सगळं तो शिकवणाऱ्याच्या सवयीने करतो. तुमच्याकडे आजी 'बस' म्हणणार, मुलगी 'सिट'. पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी एकच शब्द वापरा आणि रोज थोडा सराव ठेवा, नाहीतर शिकलेलं हळूहळू विसरलं जातं.

ठरवण्याआधी मुलीला घेऊन भेटायला जा, आणि शिकवणाऱ्याने काही लिहून ठेवलंय का ते मागून घ्या. कुत्रा रुळला की संस्थेमार्फत त्याचा एक फोटो आत पाठवता येतो का, तेही विचारा. आम्ही दर दिवाळीला पाठवतो.