रात्री उतरताना छोटं विमान धावपट्टी ओलांडून पुढे का जातं? ब्रेक फेल होतात का?

ब्रेक क्वचितच दगा देतात. चाकं टेकायच्या आधीच हिशेब चुकलेला असतो, आणि अंधारात तो चुकतोय हे कळायला उशीर होतो.

सेसना १७२एस हे एका इंजिनाचं छोटं विमान घ्या. पूर्ण वजन, समुद्रसपाटी, कोरडी पक्की पट्टी, वारा शांत, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे पत्रे) पूर्ण, वेग ६१ नॉट (ताशी सुमारे ११३ किमी). मॅन्युअलप्रमाणे ५० फूट उंचीवरून थांबेपर्यंत सुमारे ४०० मीटर लागतात, त्यातली जमिनीवरची धाव पावणेदोनशे. मग हजार मीटरची पट्टी अपुरी कशी पडते?

थ्रेशोल्डवर, म्हणजे पट्टी सुरू होते त्या कडेवर, ५० ऐवजी १०० फुटांवर आलात, तर तीन अंशांच्या उतारात टेकायची जागा जवळपास २९० मीटर पुढे सरकते. वेगही ७१ नॉट असेल तर ऊर्जा ३५ टक्के जास्त, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. मग विमान टेकतच नाही, तरंगत राहतं. ६० नॉटला सेकंदाला ३० मीटर जातात. पाच-सहा सेकंद तरंगलं की दीडशे-पावणेदोनशे मीटर गेलेच. पाठीमागून वारा असेल तर दर २ नॉटला आणखी १० टक्के. हजार मीटर संपायला एवढं पुरतं.

दिवसा कडेचं गवत, डांबराचा पोत डोळ्याच्या कोपऱ्यातून सरकताना दिसतो, त्यावरून उंचीचा अंदाज येतो. रात्री उरतात दिव्यांच्या दोन रांगा आणि लँडिंग लाइटच्या झोतातला छोटा तुकडा. पट्टी सवयीपेक्षा रुंद असेल किंवा पुढे उतरती असेल, तर आपण खाली आहोत असा भास होतो आणि पायलट उंच येतो. (पलीकडे-अलीकडे मिट्ट काळोख असला की उलटा भास होतो, पण त्यात विमान पट्टीच्या अलीकडेच आपटतं.) म्हणून डोळ्यांपेक्षा पापीचे (पट्टीच्या बाजूला असलेले, उतरण्याचा कोन दाखवणारे चार) दिवे खरे: दोन पांढरे, दोन लाल म्हणजे कोन बरोबर. शेवटच्या टप्प्यात चारही पांढरे दिसले, म्हणजे फार उंच असलात, तर ओढूनताणून खाली आणू नका, गो-अराउंड करा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जा.

फ्लेअरनंतर (टेकण्याआधी नाक हलकेच उचलल्यावर) कडेचे दिवे मोजा. त्यांच्यातलं अंतर बहुधा ६० मीटर असतं, साध्या पट्टीवर १०० पर्यंत. आधी बघून ठेवा. पहिल्या एक तृतीयांशात चाकं टेकली नाहीत तर फुल थ्रॉटल (इंजिनला पूर्ण जोर), फ्लॅप २० अंशांवर, आणि नजर आतल्या ॲटिट्यूड इंडिकेटरवर (नाक किती वर-खाली आहे ते दाखवणारं उपकरण). अंधारात वेग वाढताना नाक फार वर गेल्यासारखं वाटतं आणि हात नकळत योक (विमानाचं सुकाणू) पुढे ढकलतो.

ओल्या पट्टीवर चाकं पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग ढोबळमानाने टायरच्या पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाच्या वर्गमुळाच्या ९ पट नॉट. ४२ पीएसआयला ५८ नॉट येतो. नीट वेगात टेकलात तर त्याच्या खाली असता. दहा नॉट जास्त असले की ब्रेक नुसते नावाला.

टेकल्यावर योक मागे, वजन मुख्य चाकांवर, मग ब्रेक. चाकं लॉक झाली तर किंचित सोडून पुन्हा दाबा. १७२ मध्ये फ्लॅप लगेच वर घेतले तर फायदा होतो. चाकं आत जाणाऱ्या विमानात मात्र थांबेपर्यंत फ्लॅपना हात लावू नका, अंधारात चुकून गियरचा (चाकं आत घेणारा) लिव्हर ओढला जातो.

शेवटचे लाल दिवे अगदी समोर आले, तर आता उडायचा प्रयत्न नको. २० नॉटला कुंपणात शिरणं ५० नॉटला झाडावर आदळण्यापेक्षा परवडतं. मिक्श्चर (इंजिनात जाणारं इंधन-हवेचं मिश्रण) बंद, इंधन बंद, मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रणा) बंद, शेवटी मास्टर, म्हणजे विजेचा मुख्य स्विच. मास्टरबरोबर आतले दिवेही जातात, तेव्हा टॉर्च बॅगेत नाही, खिशात हवा.