भावाची पोरगी सून करायचीय, पण पोराचा रिपोर्ट थॅलेसेमिया मायनर आलाय

प्रश्न: माझ्या पोराचं माझ्या भावाच्या मुलीशी जमवायचं चाललंय, मामाचीच पोरगी, आमच्यात चालतं. एमआयडीसीत लागताना त्याचं मेडिकल झालं त्यात हिमोग्लोबिन कमी दिसलं, तीन महिने लोहाच्या गोळ्या खाल्ल्या तरी वाढंना, मग तपासलं तर थॅलेसेमिया मायनर निघाला. आनुवंशिक आहे म्हणे. अहो पण माहेरी-सासरी कुणालाच असलं काही नाही, सगळी धडधाकट. मग आलं कुठनं? लग्न मोडायचं काय?
(एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर: ताई, लगेच मोडू नका, आधी मुलीची टेस्ट करा. थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक दोष, आणि कुणाला काही नाही हेच तर या दोषाचं वैशिष्ट्य आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडं दोन प्रती असतात, एक आईची एक बापाची, आणि यात एक प्रत बिघडली तरी दुसरी काम भागवून नेते, माणूस शंभरी गाठतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. हे झालं मायनर; दोन्ही प्रती बिघडल्या की मेजर, तो खरा आजार. असे लपलेले गुण आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलनं वाटाण्यात मोजले होते, सुरकुतलेला वाटाणा पहिल्या पिढीत गायब आणि दुसऱ्या पिढीत परत हजर, 7324 पैकी 1850 दाणे, म्हणजे साधारण चारात एक.

तर तुमच्या मुलाला हे तुमच्याकडनं नाहीतर त्याच्या वडिलांकडनं आलंय, त्यामुळं तुम्ही दोघंही रक्त तपासून घ्या. वडिलांचं निघालं तर तुमच्या भाचीला बाहेरच्या कुठल्याही मुलीपेक्षा जास्त धोका नाही. पण तुमचं निघालं, तर तुमच्या भावाकडं असण्याची शक्यता निम्मी आणि त्याच्या मुलीकडं पाव. तिची टेस्ट म्हणजे सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, आणि हिमोग्लोबिन ए-टू, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक प्रकार; हे ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं की बहुतेक मायनर.

तिची नॉर्मल आली तर नातवंडं फार तर मायनर होतील, मेजर नाही. दोघंही मायनर असतील तर मात्र छापा-काटा समजा, दोन नाणी उडवली आणि दोन्ही काटा पडली तर मूल मेजर, म्हणजे दर वेळी 25 टक्के. दर वेळी बरं का, पहिलं बाळ चांगलं झालं म्हणून दुसऱ्याला सूट मिळत नाही. मेजर मूल जन्मताना गुटगुटीतच असतं, सहा महिन्यांनंतर पांढरं पडायला लागतं आणि मग दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, जन्मभर. तरीही लग्न करायचंच असेल तर गरोदरपणाच्या अकराव्या आठवड्यापासून वारेचा तुकडा तपासून बाळ मेजर आहे का ते कळतं, पण हे सगळं त्या दोघांना आत्ताच सांगा, साखरपुड्यानंतर नको.

आणि मामाच्या पोरीबद्दल विचारलं नाहीत तरी सांगतो, मामे-आते भावंडांचे आठातले एक जनुक सारखे असतात, त्यामुळं थॅलेसेमिया नसला तरी दुसरं काही लपलेलं जुळायचा धोका थोडा वाढतोच.

लोहाच्या गोळ्या अजून चालू असतील तर फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेलं लोह किती ते दाखवणारी रक्ताची टेस्ट, करून घ्या, लोह कमी नसेल तर त्या उगाच गिळायच्या नाहीत.