आईच्या गुडघेदुखीवर घरी मलम कसं करायचं? ठाण्यात सामान कुठे मिळेल?

आईच्या गुडघ्यांसाठी हवंय ना, मग निर्गुडीचं करा. मेण, कापूर ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात बघा. 100 मिली तिळाच्या तेलात मूठभर पानं ठेचून मंद आचेवर ठेवा. तडतड थांबून पानं कुरकुरीत झाली की पाणी उडालं. ओलावा राहिला तर मलम टिकत नाही. गाळून त्यातच 20 ग्रॅम मधमाशीचं मेण विरघळवा (कमी घातलंत तर आपल्याकडच्या मे महिन्यात डबीत नुसतं तेलच). गॅस बंद केल्यावर, घट्ट होण्याआधी 5 ग्रॅम कापूर. आचेवर अजिबात नको, पेट घेतो. जखमेवर लावू नका, लहान मुलांपासून लांब ठेवा. आराम तात्पुरताच. गुडघा लाल, गरम, सुजलेला असेल तर आधी डॉक्टर.